आखूड लोकर

गंगाखेड,
ता. २० नोव्हेंबर १९४४

प्रिय माणिक,

तुझे शेवटचे पत्र श्रावणात आले. त्याला मी उत्तर दिले नाही आणि आता काम निघाल्यावर लिहायला बसलो आहे, हे तुझ्या लक्षात येईलच. लपवण्यात अर्थ नाही.

दरसाल आपल्या जिल्ह्यातल्या चार मराठी शाळांची वक्तृत्वस्पर्धा होते. या वर्षी यजमानपण आमच्याकडे आहे. मुले पाठ केलेली भाषणे घडाघडा म्हणतात, मध्येच अडकली की पहिल्यापासून सुरू करतात. मी हेडमास्तर म्हणून नऊ वर्षे हे ऐकतो आहे. तेव्हा मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की या खेपेला अभिरूप न्यायालय भरवू. एकच खटला सर्वांना द्यायचा. एका शाळेने फिर्यादीची बाजू मांडायची, दुसरीने आरोपीची. वकील मुलेच, साक्षीदार मुलेच. दोन सामने पहिल्या दिवशी, शेवटचा दुसऱ्या दिवशी. सर्वांनी माना डोलावल्या आणि मग विचारले, खटला कोण लिहिणार आणि न्यायाधीश कोण होणार? मी तुझे नाव सांगून मोकळा झालो.

तू हसशील, पण यामागे माझा एक हेतू आहे. आमच्या निम्म्या मुलांच्या बापांनी कधी ना कधी अदालतीची पायरी चढली आहे. तिथे सगळे उर्दूत चालते. आपल्याविषयी काय बोलले गेले, हे त्या माणसांना निकाल लागला तरी कळत नाही. आपल्या भाषेत चाललेला एक खटला तरी या मुलांनी पाहावा, एवढेच.

जानेवारीची २० आणि २१ तारीख धरली आहे. खटला साधा असावा, गावाकडचा. खून नको, असे घरून कमलबाईंनी बजावले आहे. पाहुण्या मुलांचा स्वयंपाक त्याच पाहणार आहेत, तेव्हा त्यांचे ऐकावे लागेल.

नर्मदावहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनकर


परभणी,
ता. २७ नोव्हेंबर १९४४

प्रिय दिनकर,

नऊ वर्षांत तुला पहिल्यांदाच काही बरे सुचले. न्यायाधीश होतो. खटलाही सोबत पाठवतो आहे, आठ पाने आहेत. मुलांकडून चार प्रती करून घे.

थोडक्यात असे: बन्सीधर नावाचा सधन शेतकरी फिर्यादी आहे. त्याने पाडव्याला आपल्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा गोल शिक्का मारला. वैशाखात त्याच्या दोन मेंढ्या नाहीशा झाल्या. पोळ्याच्या सुमारास धोंडीबा नावाच्या मेंढक्याच्या कळपात तसाच शिक्का असलेल्या दोन मेंढ्या सापडल्या. बन्सीधरच्या गड्याने शिक्क्यावरून त्या ओळखल्या. पंचनामा झाला, दोन पंचांच्या सह्या आहेत. धोंडीबाचे म्हणणे एवढेच, की मेंढ्या माझ्या आहेत, मी चोरी केली नाही.

नावेगावे, माणसे, सगळे काल्पनिक आहे. मुलांना तसे सांग.

आरोपीची बाजू अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. अवघड बाजू कशी लढवतात, त्यावर गुण देईन.

परवानगीचे विसरू नकोस. हल्ली चार माणसे जमली तरी कागद लागतो.

माणिक


गंगाखेड,
ता. १८ डिसेंबर १९४४

प्रिय माणिक,

परवानगी मिळाली, पण कशी, ते ऐक.

तहसीलदारसाहेबांनी अर्ज वाचून विचारले, "ये ड्रामा है या जलसा?" जलसा, म्हणजे सभा, म्हटले तर अर्ज वर जाणार आणि उन्हाळ्यापर्यंत परत येणार नाही. मी म्हटले, ड्रामा. "तो लिखा हुआ ड्रामा दिखाओ." आता उलटतपासणी घेणारा मुलगा काय विचारील, हे आधी कसे लिहून देणार? शेवटी तुझी आठ पाने उर्दूत करून दिली. त्यावर शेरा पडला की दिलेल्या कागदांबाहेरचे काहीही बोलले जाऊ नये, आणि पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन्ही दिवस हजर राहतील. मी ही अट चारी शाळांना कळवली आहे आणि तोच स्पर्धेचा नियम केला आहे. करतो काय?

बाकी तयारी चालू आहे. सेलू, वसमत आणि हिंगोलीची मिळून छत्तीस मुले येणार. साखर मिळत नाही, गुळाचा शिरा करायचे ठरले आहे. घासलेटचीही टंचाई, म्हणून सगळे कामकाज दिवसाउजेडी. न्यायाधीशाची खुर्ची पोस्टमास्तरांकडून आणतो. तिला हात आहेत.

आमच्या संघात अंगद नावाचा मुलगा आहे. मॅट्रिकच्या वर्गात आहे, वसतिगृहात राहतो. सोनपेठकडचा, घरची मेंढरे आहेत. बोलायला उभा राहिला की पहिली दोन वाक्ये पुस्तकी येतात आणि तिसऱ्याला तो थेट घरच्या बोलीवर जातो. पण डोके तल्लख. तुझे कागद त्याने इतक्यांदा वाचले की कडा मऊ झाल्या. काल मला विचारत होता, "गुर्जी, ह्यो धोंडीबा कोर्टात आनखी काईच कसा बोलला न्हाई? मेंढक्याला मेंढराबद्दल लय सांगता येतंय." तू सांग.

दिनकर


परभणी,
ता. २४ डिसेंबर १९४४

प्रिय दिनकर,

आरोपी अडाणी आहे. कोर्टात असे लोक भलतेच बोलून बसतात, म्हणून वकिलाने त्याला मोजके बोलायला सांगितले असेल. तुझ्या विद्यार्थ्याला म्हणावे, कागदात आहे त्यावर लक्ष दे. कागदात नाही, त्याचा विचार करण्यात वेळ घालवू नये.

वीस तारखेला सकाळच्या गाडीने येतो.

माणिक


गंगाखेड,
ता. २३ जानेवारी १९४५

माणिक,

तू परवा तीन वाजताच स्टेशनवर जाऊन बसलास, गाडी पाचला होती. पानावर वाढलेले तसेच राहिले. कमलबाईंनी विचारले, काही चुकले का? मी म्हटले, चुकले, पण आपले नाही.

तुला तोंडावर बोलता आले नाही, म्हणून लिहितो.

पहिला दिवस चांगला गेला, हे मान्य. तू शांतपणे ऐकलेस, मुलांना सांभाळून घेतलेस. दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना, सेलू फिर्यादीकडून आणि आम्ही आरोपीकडून. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडी बाजाराला आलेली माणसेही मागे येऊन उभी राहिली होती. बन्सीधरच्या गड्याचे काम करणाऱ्या सेलूच्या मुलाला अंगदने विचारले:

"शिक्का कधी मारला?"

"पाडव्याला."

"मेंढ्या सापडल्या कधी?"

"पोळ्याला."

"मधी मिरग आला का न्हाई?"

"आला."

"मिरगाच्या तोंडाला सगळी मेंढरं कातरत्यात. पाडव्याचा गेरू लोकरीवर व्हता. लोकर कातरली, मंग पोळ्याला शिक्का कुठून आला?"

तो सेलूचा मुलगा कापडवाल्यांच्या घरचा. त्याने आपल्या मास्तरांकडे पाहिले. मागून कुणी तरी म्हणाले, "आरं बराबर हाय की!" आणि सगळा मंडप हलला. सेलूच्या मास्तरांनी उठून हरकत घेतली, की कातरणीचा उल्लेख कागदात नाही. त्यांचे काम त्यांनी केले. माझा राग त्यांच्यावर नाही.

तू म्हणालास, "प्रश्न नामंजूर." अंगद म्हणाला, "सर, कागदात—" त्याला तू पुरे बोलू दिले नाहीस. "मी सांगितले तेवढे ऐक. खाली बस." असा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. तो बसला. मग उरलेला वेळ आमच्याकडून कुणी धड बोललेच नाही, आणि स्पर्धेची ढाल सेलूला गेली.

ढाल गेली त्याचे दुःख नाही. पण त्याला काय म्हणायचे होते, ते मी नंतर कागद उघडून पाहिले. दुसरे पान, पंचनामा, तुझे स्वतःचे अक्षर: "दोन मेंढ्या, लोकर आखूड, सुमारे दोन बोटे." लोकर आखूड, म्हणजे मेंढ्या कातरलेल्या. प्रश्न कागदाबाहेरचा नव्हताच, माणिक. तो तुझ्याच कागदातला होता.

अमीनसाहेब पुढच्या रांगेत बसले होते, ते मला दिसत होते. परवानगीची अट मीच तुला कळवली होती. तू घाबरलास, असेच मी समजतो. बारा वर्षे वकिली केलेला माणूस एका अमिनाला घाबरला, हे मला लिहावे लागते आहे.

अंगद काल पेटी घेऊन घरी गेला. मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे.

दिनकर


गंगाखेड,
ता. ६ फेब्रुवारी १९४५

माणिक,

दोन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. मी अंगदला परत ये म्हणून लिहिले होते. त्याचे उत्तर आले, ते जसेच्या तसे सोबत ठेवतो. वाचून परत पाठव.

दिनकर

*

*ती. गुरुजींस, अंगदचा शिरसाष्टांग नमस्कार.*

*तुमचे पत्र पोचले. आमच्या बाबाला वाचून दाखविले. बाबा म्हणतो, जा. पण मला येऊ वाटत नाही.*

*गुरुजी, मी हरलो म्हणून राग आला नाही. आमची मेंढरं लांडगा नेतो तवा आमी काय रडत बसत नाही. पण ते कोर्ट खोटं व्हतं, समदे मनायचे खेळ हाय. खेळातसुदा खरं इचारू देत नसतील, तर खऱ्या कोर्टात काय देत असतील? मंग मी मॅट्रिक करून तितं जाऊन काय करू?*

*धोंडीबा खोटा माणूस हाय, कागदातला हाय, हे मला माहीत हाय. पण मला त्याचं लय वाईट वाटायलंय.*

*पुस्तकं वसतिगृहात कोनाड्यात हायेत. कुणाला लागत असतील तर द्या.*

*आपला आज्ञाधारक,*
*अंगद लिंबाजी*


परभणी,
ता. १८ फेब्रुवारी १९४५

प्रिय दिनकर,

मुलाचे पत्र सोबत परत करतो. उशीर झाला, कारण मी येथे नव्हतो. कुठे होतो, ते पुढे येईल.

आधी अमिनाचे. त्या दिवशी मी स्टेशनवर बसलो होतो, तर ते सायकलवरून तिथे आले. शेजारी बसले आणि म्हणाले, "वकीलसाब, बच्चे का सवाल तो ठीक था. आपने रोका क्यों?" तेव्हा मी त्यांना घाबरलो नव्हतो, हे तुला कळावे. घाबरलो असतो तर बरे झाले असते.

तो खटला काल्पनिक नाही. धोंडीबाचे खरे नाव सटवाजी. राणीसावरगावच्या पलीकडे एक वाडी आहे, तिथला मेंढका. बन्सीधर म्हणजे चंद्रभान देशमुख. सटवाजीने त्या वर्षी मेंढरे देशमुखांच्या रानात न बसवता दुसऱ्याच्या रानात खतासाठी बसवली, एवढेच भांडण होते. सन १९३३. माझ्या वकिलीचे पहिले वर्ष, आणि सटवाजीचा वकील मी होतो.

तू विचारले होतेस, आरोपी आणखी काही कसा बोलला नाही. तो बोलला होता.

सुनावणीच्या आधी कोर्टाच्या ओसरीवर त्याने मला सांगितले, "साहेब, कातरल्या मेंढीवर पाडव्याचा शिक्का कसा ऱ्हाईल? ह्यो शिक्का नवा हाय." माझे लक्ष माझ्या उर्दू भाषणाकडे होते. ते मी आठवडाभर घोकत होतो. मी म्हटले, मी विचारीन तेवढेच बोल. आत गेल्यावर तो पिंजऱ्यातून पुन्हा तेच बोलू लागला, हातवारे करून. हाकिमांनी मला विचारले, "क्या कहता है?" त्यांना मराठी येत नव्हते. मी म्हणालो, "कुछ नहीं हुज़ूर, बेगुनाह हूँ कहता है."

हे वाक्य मी बारा वर्षांत कुणाला सांगितले नाही. नर्मदेलाही नाही.

मला मेंढरांतले काही कळत नव्हते आणि आपल्याला कळत नाही असे त्याच्यासमोर कबूल करायचे नव्हते. भाषण फार छान झाले. हाकिमांनी कौतुक केले आणि सटवाजीला नऊ महिने दिले.

त्या खटल्याच्या कागदांची मिसल मी ठेवली होती. तुझे पत्र आले तेव्हा नवा खटला लिहायचा कंटाळा केला आणि तीच उतरवून पाठवली, असे मी स्वतःला सांगितले. पण बहुधा मला पाहायचे होते की ती बाजू कुणालाच जिंकता येत नाही. चारी शाळांची मुले हरली असती तर मला बरे वाटले असते. "लोकर आखूड" हे शब्द मी स्वतः दोनदा लिहिले, एकदा तेव्हा आणि एकदा आता, आणि दोन्ही वेळा मला ते दिसले नाहीत. तुझा मुलगा ते बोलू लागला तेव्हा मला ओसरी आठवली. पुढचे शब्द तो उच्चारील, या भीतीने मी त्याला खाली बसवले. एकाच माणसाचे तोंड मी दोनदा बंद केले.

सटवाजीला शोधायला गेलो होतो. आठ दिवस लागले. तुरुंगातून सुटल्यावर तो वाडीत राहिला नाही, राहू दिले नाही. आता सोनपेठच्या अंगाला गोदेकाठी दुसऱ्याची मेंढरे राखतो. केस पांढरे झाले आहेत. मला ओळखले. बायको बायनाबाई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

मी सगळे सांगितले. शाळेतली स्पर्धा, मुलाचा प्रश्न, माझे शब्द. शेवटी तो म्हणाला, "तुमी हाकिमाला काय मनलात, ते मला आज कळलं. मला वाटायलं व्हतं, तुमी सांगितलं आन त्यानं मानलं न्हाई."

बारा वर्षे तो हाकिमाला दोष देत होता, दिनकर. मला नाही.

मी म्हटले, निकाल फिरवण्यासाठी वरच्या कोर्टात निगरानीचा अर्ज करता येईल, मी स्वतः हैदराबादला जाईन. त्यावर बायनाबाई पहिल्यांदा बोलली. "कागद नगं. कागदानं लय झालं. राणीसावरगावच्या बाजारात उभं ऱ्हावा आन समद्यांम्होरं सांगा. आमाला चोर कोर्टात कुनी मनत न्हाई, तितं मनत्यात."

मी हो म्हणून आलो आहे. येताना वाटेत आठवले की गेली सहा वर्षे चंद्रभान देशमुखांची सगळी कामे माझ्याकडे आहेत.

माणिक


गंगाखेड,
ता. २६ फेब्रुवारी १९४५

प्रिय माणिक,

पत्र दोनदा वाचले. मी तुला भेकड समजलो. तो माझा अंदाज चुकला. आता जे कळले, त्यापेक्षा ते बरे होते, हे तुझ्यापाशी कबूल करतो. तुझे सांत्वन करण्याचा मी प्रयत्न करणार नाही. तुलाही ते आवडणार नाही.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडीने अंगदच्या गावी गेलो आणि तुझे पत्र त्याला वाचायला दिले. त्याच्याशिवाय ते कुणाला दाखवलेले नाही, दाखवणारही नाही. त्याने सावकाश वाचले. मग नखाने काडी सोलत बसला. म्हणाला, "मंजी धोंडीबा जित्ता हाय." मी म्हटले, आहे, तुझ्या गावापासून चार कोसांवर. तर म्हणतो, "मंग मी त्याच्याकडं जाऊन येतो, मंग सांगतो." गेला. दोन दिवसांनी शाळेत हजर झाला, पेटीसकट. काय बोलणे झाले, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गणितात फार मागे पडला आहे, रोज पहाटे माझ्याकडे येतो.

तू त्याला अजून काही लिहिलेले नाहीस. लिही.

बाजारात उभा राहणार असशील तर परवानगीचे पाहा. ठरल्याप्रमाणे उभा राहा, एवढे मात्र मला म्हणायचे आहे. देशमुखांची कामे गेली तर जातील. कमलबाई म्हणतात, नर्मदावहिनींना चार दिवस इकडे पाठवा, त्यांना एकट्यांना तिथे लोकांचे ऐकावे लागेल.

दिनकर


परभणी,
ता. १२ मार्च १९४५

प्रिय दिनकर,

झाले. क्रमाने सांगतो.

नर्मदेला मी सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की ती गंगाखेडला जाणार नाही, राणीसावरगावला येणार. आली.

अमीनसाहेबांकडे गेलो. त्यांनी विचारले, "जलसा किस बात का?" मी म्हटले, माफीचा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एक आदमी खड़ा होकर बोले तो जलसा नहीं होता. चार नारे लगे तो मैं आऊँगा." नारे लागण्यासारखे त्यात काही नव्हते.

त्याआधी चंद्रभान देशमुखांना भेटून मी काय करणार आहे ते सांगितले. पाठीमागून काही केले असे व्हायला नको. ते चिडतील असे वाटले होते. ते हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, बारा वर्षांची मेंढी आता कोण खाणार?" दुसऱ्या दिवशी त्यांचा कारभारी येऊन मिसली घेऊन गेला. घोड्यावर दोन गाठोडी झाली.

सोनपेठहून सटवाजी आणि बायनाबाईंना आणायला गाडी पाठवली होती. बाजार भर दुपारी होता. मिरच्यांच्या ढिगाऱ्यांपलीकडे गुरांच्या बाजाराला लागून एक दगडी ओटा आहे, त्यावर उभा राहिलो. कोर्टात बोलायची सवय आहे मला. उर्दू शब्द तोंडात येऊ लागले. मग मी ठरवले की अंगदसारखे बोलायचे, साधे. म्हणालो, "मी वकील. बारा वर्षांमागं सटवाजीचा खटला माझ्याकडं होता. त्या दोन मेंढ्या त्याच्याच होत्या."

माणसे गोळा झाली. मी शिक्का सांगितला, कातरणी सांगितली, आखूड लोकर सांगितली. तिथे मेंढराचे समजावून सांगावे लागले नाही. पन्नास माणसांना ती गोष्ट एका वाक्यात कळली. एक म्हातारा काठी टेकून पुढे आला आणि म्हणाला, "आन हे तुमाला कवा समजलं?"

इथवर येईपर्यंत मी ठरवले होते की एवढे सांगितले म्हणजे पुरे. पण प्रश्न आला. मी म्हणालो, "सटवाजीनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते हाकिमापुढं मांडलं नाही. हाकिमानं विचारलं तर म्हणालो, तो काही विशेष बोलत नाही."

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला आणि वळून गेला. एक-दोघे शिव्या देऊन गेले. एका बाईने विचारले, "तुमाला लेकरं हायेत का?" मी म्हटले, आहेत. ती म्हणाली, "मंग त्यांलाबी सांगा." सटवाजी सारा वेळ गाडीच्या चाकाला टेकून उभा होता. मी ओट्यावरून उतरलो तेव्हा त्याने मला नमस्कार केला नाही, मी केला. तो म्हणाला, "तुमी बोलायलात तवा मी तुमच्याकडं बघत नव्हतो. लोकांच्या तोंडाकडं बघायलो व्हतो."

माफ केले, असे तो म्हणाला नाही. मी विचारले नाही.

अंगदला मी निराळे लिहिले आहे. त्यात स्पर्धेचा निकाल दुरुस्त करून पाठवला आहे, सहीशिक्क्यानिशी: प्रश्न मंजूर, आरोपी निर्दोष, चूक न्यायाधीशाची. सेलूच्या मास्तरांनाही प्रत गेली आहे. ढाल त्यांच्याकडेच राहू दे, त्यांनी नियमाप्रमाणे हरकत घेतली होती.

कामे बरीच गेली आहेत. देशमुखांच्या पाठोपाठ आणखी तिघांनी कागद नेले. उलट एक धनगर काल तालुक्यावरून चालत आला आणि ओसरीवर बसून राहिला. मी त्याला सगळे बोलू दिले. त्यात दीड तास गेला.

एक सांगायचे राहिले. बाजार उठत आला होता. सटवाजी-बायनाबाई लिंबाखाली गाडीच्या सावलीत बसली होती, शेजारी पाण्याची घागर. एक उंच म्हातारा बराच वेळ लांब उभा होता, तो हळूहळू जवळ आला. नर्मदेने मला हाताने थांबवले. तो सटवाजीचा सख्खा थोरला भाऊ, हे मला मागून कळले. तुरुंगानंतर त्याने सटवाजीच्या घरचे पाणी तोंडाला लावले नव्हते. पुतण्याच्या लग्नातही नाही. तो दोघांकडे न पाहता, घागरीकडे पाहून म्हणाला, "पानी हाय का?"

बायनाबाईने पदर पुढे ओढला. थोरल्या दिराशी ती सरळ बोलणार नव्हती, म्हणून नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना मनावं, हाय. पन उभ्यानं न्हाई. बसून प्या मनावं."

तो बसला.

माणिक